चार किलोचा गोळा

ठाण्यातल्या आमच्या इमारतीत सुरक्षारक्षकाचे काम करणाऱ्या गृहस्थांची थोरली मुलगी दोन वर्षांपासून पोलीस भरतीची तयारी करते आहे. पहाटे साडेचारला ती घरातून निघते, राबोडीवरून साकेतच्या बाजूला जाते, धावते, गोळा फेकते आणि साडेसातच्या आत परत येऊन आईबरोबर दोन घरच्या पोळ्या लाटायला जाते. लेखी परीक्षेच्या अंकगणितासाठी आणि बुद्धिमत्ता चाचणीसाठी आठवड्यातून दोन संध्याकाळी ती माझ्याकडे बसते. मी नवी मुंबईतल्या एका तंत्रनिकेतनात तीस वर्षे अभियांत्रिकी ड्रॉइंग शिकवून निवृत्त झाले आहे, त्यामुळे शिकवल्याशिवाय मलाही चैन पडत नाही.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी ती आली आणि वही न उघडता नुसतीच बसून राहिली. खोदून विचारल्यावर कळले की भरतीची तयारी करून घेणाऱ्या तिच्या अकॅडमीतला एक मुलगा सगळ्यांदेखत तिला म्हणाला होता, ‘आम्हाला सोळाशे मीटर, तुम्हाला आठशे. आम्हाला सव्वासात किलोचा गोळा, तुम्हाला चार किलोचा. गुण मात्र दोघांना सारखेच, आणि वर तीस टक्के जागा राखीव. मग स्त्री-पुरुष समान आहेत असे कोणत्या तोंडाने म्हणता?’ ती मला म्हणाली, ‘काकू, मला काही बोलताच आले नाही. तो सांगत होता ते आकडे खरेच आहेत ना.’

मी तिला त्या वेळी पटकन एक वाक्य सांगितले, की निसर्गाने बायकांचे शरीर वेगळे घडवले आहे, त्याला कोण काय करणार. तिने मान डोलावली, पण ती मोठ्यांचा मान राखण्यासाठी डोलावलेली मान होती. मला स्वतःलाही ते वाक्य त्या रात्री फार टोचत राहिले, कारण हेच वाक्य मी सुमारे तीस वर्षांपूर्वी दुसऱ्या एका मुलीला सांगितले होते आणि तेव्हा ते चूक होते. एका ठिकाणी बरोबर असलेले वाक्य दुसऱ्या ठिकाणी अन्याय्य का ठरते, याचा नीट विचार करून तिला उत्तर द्यावे, म्हणून हे लिहिते आहे.

उत्तराची सुरुवात त्या मुलाचे आकडे मान्य करूनच व्हायला हवी. आपल्या राज्यात पोलीस शिपाई पदाची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. त्यात पुरुषांसाठी १६०० मीटर आणि स्त्रियांसाठी ८०० मीटर धावण्याला २० गुण, दोघांसाठी १०० मीटर धावण्याला १५ गुण आणि गोळाफेकीला १५ गुण असतात. पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा, स्त्रियांचा ४ किलोचा. पुढची १०० गुणांची लेखी परीक्षा मात्र दोघांना एकच असते. ही वजने भरतीसाठी कोणी मनाने ठरवलेली नाहीत, जागतिक स्पर्धांतही तीच वापरली जातात.

वयात येईपर्यंत मुलामुलींच्या धावण्याफेकण्यातले अंतर तसे थोडे असते. त्यानंतर मुलांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचे प्रमाण कित्येक पटींनी वाढते आणि त्याबरोबर स्नायू, हाडे, हृदय व फुप्फुसे यांची वाढ आणि रक्तातले हिमोग्लोबिन यांत फरक पडत जातो. जगातल्या सर्वांत वेगवान पुरुषाने २००९ साली बर्लिनमध्ये १०० मीटर अंतर ९.५८ सेकंदांत कापले. स्त्रियांचा १९८८ सालचा विक्रम १०.४९ सेकंदांचा आहे आणि तो अजून मोडलेला नाही. धावण्यात फरक दहा टक्क्यांच्या आसपास राहतो, पण खांदे आणि दंड यांच्या ताकदीत तो पुष्कळ मोठा असतो. तिथे स्त्रियांची सरासरी ताकद पुरुषांच्या निम्म्याहून थोडीशीच जास्त भरते. चाराला ७.२६ ने भागून पाहिले तर उत्तर ०.५५ येते. गोळ्याच्या वजनांतला हा फरक त्या ताकदीतल्या फरकाच्या किती जवळचा आहे, हे पाहून मला शिक्षिका म्हणून समाधान वाटले. म्हणूनच पुरुषांचा विश्वविक्रम २३.५६ मीटरचा आणि स्त्रियांचा २२.६३ मीटरचा, असे दोन्ही आकडे शेजारी शेजारी येतात.

समानतेची मनापासून चाड असलेली आम्ही पुष्कळ माणसे हे आकडे उघडपणे बोलायला कचरतो. फरक मान्य केला की सगळेच हातचे जाईल, अशी एक भीती आत बसलेली असते. माझ्या आईच्या पिढीतल्या बायकांना ‘तुम्हाला जमणार नाही’ हे वाक्य इतक्या वेळा ऐकावे लागले होते, की त्याला ‘आम्हाला सगळे जमते’ एवढेच उत्तर उरले होते. ते उत्तर कुठून आले हे मला समजते. पण ते टिकाऊ नाही, कारण ज्या दिवशी कोणी तरी एखादा खरा फरक दाखवील त्या दिवशी त्या उत्तरावर उभे केलेले सगळेच डळमळू लागते. त्या अकॅडमीतल्या मुलाने नेमके तेच केले.

मग त्या गोळ्याने नक्की काय मोजले जाते, हे पाहायला हवे. बंदोबस्तावर उभ्या असलेल्या शिपायाला गोळा फेकावा लागत नाही. तक्रार नोंदवताना, पंचनामा करताना, तलावपाळीवर गर्दी आवरताना किंवा घाबरलेल्या मुलीशी बोलताना ७.२६ हा आकडा कुठेच येत नाही. गोळा आणि धाव यांतून एवढेच कळते की या उमेदवाराने आपले शरीर किती मेहनतीने घडवले आहे, तिच्यात दम आणि चिकाटी किती आहे. शरीर कमावण्याची मेहनत मोजायची असेल तर ती ज्या त्या शरीराच्या मापानेच मोजावी लागते. अठरा वर्षांच्या उमेदवाराला आणि पन्नाशीच्या हवालदाराला आपण एकाच वेळेत १६०० मीटर धावायला लावत नाही, आणि त्यात हवालदारावर कोणी मेहेरबानी केली असेही म्हणत नाही.

दुसऱ्या प्रकारची चाचणी मात्र वेगळी असते. आग लागलेल्या इमारतीच्या सहाव्या मजल्यावरून बेशुद्ध माणसाला खाली आणायचे असेल, तर त्या माणसाचे वजन त्याला उचलणाऱ्याकडे पाहून कमी होत नाही. तिथे चाचणी एकच असली पाहिजे, ती प्रत्यक्ष कामासारखी असली पाहिजे, आणि तीत कमी स्त्रिया उत्तीर्ण झाल्या तर तेही मी मान्य करीन. माझी अट एकच आहे, की ती कसोटी त्या कामाला खरोखरच लागते हे आधी सिद्ध झालेले असावे.

ही अट मी मनची सांगत नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात वणवे विझवणाऱ्या पथकात टॉनी मेओरिन नावाची एक स्त्री काम करत होती आणि तिचे काम चांगले होते. मग शासनाने एक नवी चाचणी लागू केली, जीत अडीच किलोमीटर अंतर ११ मिनिटांत धावायचे होते. तिला ४९.४ सेकंद जास्त लागले आणि तिची नोकरी गेली. बहुसंख्य पुरुष ती चाचणी पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण होत, बहुसंख्य स्त्रिया होत नसत. १९९९ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला, कारण वणवा सुरक्षितपणे विझवण्यासाठी नेमक्या त्याच वेगाची गरज आहे हे शासनाला दाखवताच आले नव्हते. जी बाई ते काम करून दाखवत होती, तिला एका आकड्याने अपात्र ठरवले होते.

आपल्याकडेही २०२१ च्या मार्च महिन्यात सर्वोच्च न्यायालयासमोर असाच प्रश्न आला. त्याच्या आदल्या वर्षीच्या निकालाने सैन्यातल्या स्त्री अधिकाऱ्यांना कायमस्वरूपी नियुक्तीचा मार्ग मोकळा झाला होता, पण पात्रता ठरवताना चाळिशी-पन्नाशीत पोहोचलेल्या या स्त्रियांना त्या वयातही शारीरिक क्षमतेचा तोच निकष लावला गेला, जो त्यांच्या पुरुष सहकाऱ्यांना सेवेच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षी, म्हणजे ऐन तारुण्यात लावला गेला होता. कागदावर निकष सगळ्यांना सारखाच दिसत होता. न्यायालयाने त्याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटले. सारखेपणाचा मुखवटा घालून विषमता कशी येते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

आता माझ्या चुकीकडे येते. ती सांगणे मला सोपे नाही.

साल १९९६. तेव्हा ठाण्याहून वाशीकडे जाणारी लोकल सुरू झालेली नव्हती, ती २००४ साली आली. आम्ही ठाणे-बेलापूर रस्त्याने बसने जात असू. माझ्या प्रथम वर्षाच्या वर्गात साठांपैकी अकरा मुली होत्या. ड्रॉइंगमध्ये, विशेषतः घनाकृतींच्या प्रोजेक्शनमध्ये (वस्तू वेगवेगळ्या बाजूंनी कशी दिसते ते कागदावर काढणे) आणि सेक्शनमध्ये (ती कापल्यावर कशी दिसते ते काढणे), मुली मागे पडत असत. तिरका ठेवलेला शंकू एका पातळीने कापला तर टॉप व्ह्यूमध्ये, म्हणजे वरून पाहताना, काय दिसेल, हे पुष्कळ मुलांना नुसते डोळे मिटून सांगता यायचे. मुलींच्या शीटवर मात्र खोडून खोडून भोके पडायची. कळव्याहून येणारी एक मुलगी दुसऱ्यांदा नापास झाली आणि स्टाफरूममध्ये येऊन माझ्यासमोर रडली. मी तिला पाणी दिले, पाठीवरून हात फिरवला आणि अगदी मायेने म्हणाले, ‘यात तुझा दोष नाही. मुलींना ही नजर उपजतच कमी असते. तू शाखा बदल, बाकी विषयांत तुला चांगले गुण आहेत.’ पुढच्या आठवड्यात तिने दाखला काढला. तिचे पुढे काय झाले ते मला माहीत नाही.

मी ते द्वेषाने बोलले नव्हते, आणि म्हणूनच ते अधिक घातक होते. विरोधात बोलणाऱ्या माणसाशी तिने भांडण तरी केले असते. मी स्वतः स्त्री, तोच विषय शिकवणारी, त्यामुळे माझा शब्द तिला शेवटचा वाटला असणार. आणि मी स्वतःला काय समजत होते? अपवाद. माझ्याकडे ती नजर आहे, मुलींमध्ये क्वचितच कोणाकडे ती असते, असे मला मनातून वाटत असे आणि त्याचा थोडा अभिमानही होता.

त्या अभिमानाला धक्का बसला तो काही वर्षांनी, आणि अगदी साध्या प्रश्नामुळे. वर्गात सायकलचा विषय निघाला होता. मी सहज विचारले, लहानपणी कोणी कोणी सायकल, पंखा, रेडिओ असे काही खोलून पुन्हा जोडले आहे? जवळजवळ सगळ्या मुलांचे हात वर गेले. मुलींमध्ये फक्त दोघींचे, आणि त्या दोघी माझ्या ड्रॉइंगमधल्या सर्वांत चांगल्या विद्यार्थिनी होत्या. त्या क्षणी मला नौपाड्यातला माझ्या वडिलांचा सुतारकामाचा कारखाना आठवला. शाळेतून आले की मी तिथेच बसत असे. लाकडाचे कापलेले तुकडे माझी खेळणी होती, कोणता तुकडा कोणत्या खाचेत बसेल हे मी सहा वर्षांची असल्यापासून पाहत होते. ज्याला मी उपजत नजर समजत होते तो दहा-बारा वर्षांचा सराव होता आणि मला तो आयता मिळाला होता.

त्यानंतर मी शिकवणे बदलले. साबणाच्या वड्या वर्गात नेऊन त्या सुरीने कापू लागले. कार्यशाळेतल्या सहकाऱ्यांनी लाकडाचे शंकू, प्रिझम आणि पिरॅमिड करून दिले, त्यांतले काही मुद्दाम तिरके कापलेले. पहिले तीन आठवडे मी कोणाला ड्राफ्टर, म्हणजे रेषा आखायचे उपकरण, हातात घेऊच देत नसे. वस्तू हातात घ्या, फिरवा, डोळे मिटून बोटांनी तिच्या कडा मोजा आणि मग हातानेच कच्ची आकृती काढा. ज्यांना हे आधीपासून येत होते ती मुले कंटाळत, पण मुलींबरोबर आणखीही काही मुले होती ज्यांना हे अजिबात येत नव्हते आणि ज्यांच्याकडे तोवर माझे लक्षच गेले नव्हते. वर्षअखेरीस मुलामुलींच्या गुणांतले अंतर माझ्या वहीत कमी होत गेलेले दिसू लागले.

माझी वही म्हणजे काही शास्त्र नव्हे, हे मला कळते. पण पुष्कळ नंतर मला समजले की मिशिगनमधल्या एका तंत्र विद्यापीठात शेरिल सॉर्बी या प्राध्यापिकेने १९९३ पासून हेच काम रीतसर केले होते. अभियांत्रिकीला आलेल्या नव्या विद्यार्थ्यांची त्यांनी आकृती मनात फिरवण्याची चाचणी घेतली, तेव्हा मुलींच्या नापास होण्याचे प्रमाण मुलांच्या तिप्पट होते. जे कमी पडले त्यांना ठोकळे आणि हाताने काढलेली रेखाटने यांच्या आधारे एक छोटा अभ्यासक्रम दिला. त्यांचे गुण वाढले, ड्रॉइंगमधली प्रगती सुधारली आणि अभियांत्रिकी सोडून जाणाऱ्या मुली कमी झाल्या. पुढे २००७ साली टोरांटोमध्ये असेही दिसले, की केवळ दहा तास वेगवान व्हिडिओ गेम खेळल्यावर या कौशल्यातला स्त्री-पुरुषांमधला फरक बराच कमी होतो. दहा तास! मी त्या मुलीला दहा तासही दिले नव्हते.

आकृती मनात फिरवण्याचे हे कौशल्य मुद्दाम घेतले, कारण बुद्धीच्या क्षेत्रात ज्या थोड्या बाबतींत स्त्री-पुरुषांच्या सरासरीत ठळक फरक वारंवार आढळला आहे, त्यांतली ती एक आहे. बाकी चित्र पुष्कळ वेगळे आहे. जॅनेट हाइड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्त्रीने २००५ साली मानसिक क्षमता, संवाद, स्वभाव, शारीरिक हालचाली अशा अनेक अंगांवरच्या ४६ एकत्रित विश्लेषणांचा, म्हणजे अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करून काढलेल्या निष्कर्षांचा, आढावा घेतला. तपासलेल्या फरकांपैकी ७८ टक्के एक तर अगदी लहान होते किंवा शून्याच्या जवळ होते. मोठे फरक मुख्यतः चेंडू किती जोरात फेकता येतो अशा गोष्टींत होते. म्हणजे गोळ्याच्या मैदानावर जो फरक आहे, तो तसाच उचलून गणिताच्या वर्गात नेता येत नाही. मी १९९६ साली नेमके तेच केले होते.

गणिताच्या अगदी वरच्या टोकाबद्दलही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ लहान वयातल्या हुशार मुलामुलींचा शोध घेत असे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, १३ वर्षांच्या आत महाविद्यालयीन प्रवेशाच्या गणिताच्या परीक्षेत ७०० किंवा त्याहून अधिक गुण मिळवणाऱ्यांमध्ये एका मुलीमागे १३ मुले होती, आणि तो आकडा मुलींची मर्यादा दाखवण्यासाठी जगभर सांगितला गेला. पुढच्या दोन-तीन दशकांत ते प्रमाण एका मुलीमागे तीन-चार मुलांवर आले. मधल्या काळात मुलींचे मेंदू बदलले नव्हते. त्यांना मिळणारे शिक्षण, प्रोत्साहन आणि त्यांच्याकडून असलेली अपेक्षा बदलली होती. अजूनही उरलेल्या अंतरात निसर्गाचा वाटा किती यावर जाणकारांचे एकमत नाही, आणि तो वाटा काही असला तरी माझे म्हणणे त्याने बदलत नाही. १३ या आकड्यावर ज्यांनी तेव्हा कायमचा निष्कर्ष काढला त्यांचा निष्कर्ष टिकला नाही, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

सरासरीबद्दल माझ्या विद्यार्थ्यांना मी येऊरचा डोंगर दाखवत असे. दोन टेकड्या एकमेकींत इतक्या मिसळलेल्या असतात, की मधल्या उतारावर उभ्या असलेल्या झाडाकडे पाहून ते कोणत्या टेकडीवरचे आहे हे सांगता येत नाही. दोन गटांच्या सरासरीत फरक असला तरी आपल्यासमोर बसलेली मुलगी कुठे उभी आहे, हे त्यावरून कळत नाही. ते तिलाच विचारावे लागते, तिचीच परीक्षा घ्यावी लागते.

उलट बाजूनेही पाहू. बारावीच्या परीक्षेत मुलींचे उत्तीर्ण होण्याचे प्रमाण मुलांपेक्षा वर्षानुवर्षे जास्त असते. २०२५ साली आपल्या राज्यात ते मुलींचे ९४.५८ टक्के आणि मुलांचे ८९.५१ टक्के होते. म्हणून मुलांना उच्च शिक्षण झेपत नाही, त्यांच्या जागा कमी कराव्यात, असे कोणी म्हणत नाही, आणि म्हणूही नये. मुले मागे पडली की आपण त्यांना अभ्यासाला बसवतो. मुली मागे पडल्या की आपण निसर्गाचे नाव घेतो.

या वादाची मुळे आपल्याकडे फार जुनी आहेत. आगरकरांनी ‘सुधारक’मधून ठामपणे लिहिले होते, की स्त्रीपुरुषांना एकच शिक्षण द्यावे आणि तेही एकत्र द्यावे. त्या काळी भल्याभल्यांना हे अविचाराचे वाटले होते. आगरकर १८९५ साली गेले. पुढे १९१६ साली महर्षी कर्व्यांनी जपानमधल्या महिला विद्यापीठाचे उदाहरण समोर ठेवून स्त्रियांसाठी वेगळे विद्यापीठ काढले. त्यात मातृभाषेतून शिक्षण होते, आरोग्य आणि गृहव्यवस्था यांसारखे विषय होते, आणि स्त्रीच्या आयुष्याच्या गरजा वेगळ्या म्हणून तिचा अभ्यासक्रमही वेगळा, असा विचार होता. ज्या मुली एरवी शाळेचे तोंडही पाहू शकल्या नसत्या त्यांना कर्व्यांनी पदवीपर्यंत नेले, आणि त्यांचे हे ऋण मोठे आहे. तरीही तत्त्व म्हणून मला आगरकर अधिक बरोबर वाटतात. वेगळा दरवाजा उघडून देणे वेगळे आणि आत गेल्यावर काय शिकायचे हे आधीच ठरवून टाकणे वेगळे. त्याच विद्यापीठाच्या जुहूच्या आवारात १९९७ पासून मुली अभियांत्रिकी शिकत आहेत. दरवाजा कर्व्यांचा आहे आणि आतला फळा आगरकरांचा.

समानतेचा पाया क्षमतेवर नसतो, ही गोष्ट मला सर्वांत स्पष्टपणे बाबासाहेब आंबेडकरांकडून कळली. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी त्यांनी लिहिलेले आणि प्रत्यक्षात होऊ न शकलेले जे भाषण आहे, त्यात त्यांनी माणसे सारखी नसतात हा आक्षेप सरळ मान्य केला आहे. माणसाची कर्तबगारी तीन गोष्टींवर ठरते असे ते म्हणतात: शरीराचा वारसा, समाजाकडून मिळालेला वारसा आणि त्याचे स्वतःचे प्रयत्न. या तिन्हींत माणसे असमान असतात. पण त्यांना पहिल्यापासूनच असमान वागवले, तर ज्यांना घराणे, शिक्षण आणि पैसा आधीच मिळाला आहे तेच पुढे जाणार आणि ती निवड गुणवत्तेची ठरणार नाही. म्हणून समानता वस्तुस्थिती नसली तरी वागण्याचे तत्त्व म्हणून ती स्वीकारावीच लागते. हे त्यांनी जातीसंदर्भात लिहिले. स्त्री-पुरुषांना ते मी अक्षरशः लागू करते.

माझ्याकडे येणाऱ्या या मुलीकडेच पाहा. तिच्या शरीराचा वारसा चार किलोच्या गोळ्याने हिशेबात धरला जातो. समाजाच्या वारशाचे काय? २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे. तिचा धाकटा भाऊ तिच्याच अकॅडमीत आहे आणि मैदानावरून आल्यावर तो झोपतो. त्याने झोपू नये असे मी म्हणत नाही. शरीर घडवायला झोप लागतेच. पण तीच झोप तिच्या वाट्याला येत नाही आणि ते कोणत्याही गुणपत्रिकेत दिसत नाही.

सारखी वागणूक म्हणजे समानता नव्हे, हे औषधांच्या बाबतीत आपण सहज मान्य करतो. झोपेसाठी दिले जाणारे झोल्पिडेम हे औषध स्त्रियांच्या शरीरातून सावकाश बाहेर पडते, त्यामुळे सकाळी गाडी चालवतानाही त्याचा अंमल राहू शकतो. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१३ साली स्त्रियांसाठीची शिफारस केलेली मात्रा निम्मी केली, तोवर दोघांना एकच मात्रा दिली जात होती. सारखी मात्रा दिली म्हणून त्या काळात स्त्रियांना समान न्याय मिळत होता असे कोणी म्हणेल का? दोघांच्या प्रकृतीची सारखीच काळजी घेणे ही तिथली समानता, आणि ती वेगळी मात्रा दिल्यावर आली. आपल्या राज्यघटनेचा अनुच्छेद १५ एका हाताने लिंगावरून भेदभाव करायला मनाई करतो आणि त्याच अनुच्छेदाच्या तिसऱ्या खंडात स्त्रियांसाठी विशेष तरतूद करण्याची मुभा देतो. यात विरोध आहे असे मला विद्यार्थिदशेत वाटायचे. आता वाटत नाही.

हे सगळे मी तिला मागच्या रविवारी सांगितले, अर्थातच थोडक्यात आणि साध्या शब्दांत. कळव्याच्या त्या मुलीबद्दलही सांगितले. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, ‘काकू, गोळ्याचे पटले. उद्या मी त्याला सांगीन. पण मग उंचीचे काय?’ तिच्या मैत्रिणीची उंची १५३ सेंटिमीटर भरली आणि तिला मैदानात उतरूच दिले नाही, कारण स्त्रियांसाठी किमान उंची १५५ आहे. पुरुषांसाठी ती १६५ आहे. ती मैत्रीण ८०० मीटर हिच्यापेक्षा लवकर धावते.

मी घरी असलेली जुनी टिपणे काढून पाहिली. भारतीय स्त्रीची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास आहे आणि पुरुषाची १६५ च्या जवळपास. म्हणजे पुरुषांसाठीची रेषा त्यांच्या सरासरीपाशी आखली आहे आणि स्त्रियांसाठीची त्यांच्या सरासरीच्या वर. गोळ्याला जो न्याय लावला तो उंचीला लावलेला दिसत नाही, आणि १५५ सेंटिमीटरला असे कोणते काम होते जे १५३ ला होत नाही, याचे उत्तर मला सुचेना. तिने आकडे वहीत उतरवून घेतले, सरासरीखाली दोन रेघा मारल्या आणि विचारले, ‘हे मी भरतीच्या कार्यालयाला अर्जात लिहून विचारले तर चालेल का?’ आम्ही त्या संध्याकाळी अंकगणित केले नाही. अर्जाचा मसुदा करायला घेतला. तो अजून पुरा व्हायचा आहे.